सातचं शीड

पत्रकं लिहून लिहून मला एक वाईट खोड लागली आहे. पहिल्याच ओळीत कोणावर तरी बोट ठेवल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. ‘आमच्या किनाऱ्यावर डोळा ठेवून बसलेल्यांनो’ अशी सुरुवात झाली की बाकीचा मजकूर आपोआप येतो. दोन्ही बाजू भरतात, खाली समितीचं नाव टाकलं की छापायला मोकळं. बोईसरला मी भाड्याने राहते त्या खोलीत अशा पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली पडून आहेत. कारखान्यांच्या सांडपाण्यावरचे, मासळी सुकवायच्या जागेवरचे, बंद झालेल्या एसटीवरचे. उरलेली पत्रकं शेजारच्या बिहारी वहिनी डब्यांच्या फळीवर अंथरतात, आणि मला आता त्याचं काही वाटत नाही. आठवणी लिहायचं माझं वय नाही, तिशी अजून गाठायची आहे. पण दमायला वय लागत नाही, आणि दमलेल्या माणसाने पत्रक लिहू नये, त्यात खोटा जोर येतो. म्हणून हे लिहिते आहे. यात एक उन्हाळा आहे, आमचं घर आहे आणि एक शीड आहे, ज्याच्यासाठी बोट कोणाकडे दाखवायचं ते मला आजही नीट ठरवता आलेलं नाही.

एडवणला समुद्राच्या बाजूला आमचं घर. पहाट व्हायची ती आवाजांनी. आधी आय चुलीत काटक्या मोडायची तो आवाज, मग बाबांच्या बोटीचं इंजिन खोकायला लागायचं तो, मग जितूदादाची लगबग, कारण त्याला बोईसरची पहिली पाळी गाठायची असे. दादा एका औषधाच्या कंपनीत होता. घरी आला की त्याच्या शर्टाला असा वास यायचा की आय तो शर्ट बोंबलांच्या बाजूला वाळत घालू द्यायची नाही. “मासलीला वास लागंल,” म्हणायची. आमच्या घरात मासळीला वास लागेल अशी काळजी करायला लावणारी एकच वस्तू होती आणि ती कंपनीतून यायची. खायला तांदळाची भाकरी, चुलीत भाजलेला सुका बोंबील, त्यावर कांदा आणि चिंचेचं पाणी. पावसाळा सोडला तर यात फारसा बदल नाही. आय ओली मासळी पालघरच्या बाजारात विकायची आणि सुकी घेऊन मासवणकडच्या पाड्यांवर जायची. तिथल्या बायका तिला बोंबलाच्या बदल्यात वाल आणि तांदूळ द्यायच्या, आणि परत येताना ती पाड्यावरच्या सगळ्या बातम्याही घेऊन यायची, कोणाची सून पळाली इथपर्यंत.

बाबांची बोट लहान. किनाऱ्यापासून फार लांब न जाणारी. आमच्याकडे दिवस असा बांधलेला असतो: पहाटे मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, त्याच्यासोबत बाहेर पडायचं, आणि दुपारी खारा वारा सुटला, समुद्राकडून जमिनीकडे यायला लागला, की त्याला पाठीवर घेऊन घरी. बाबा लहान असताना होडीला शीड होतं. पुढे इंजिन आलं, शीड माळ्यावर गेलं, नंतर खाली येऊन सुक्या मासळीवर झाकायला लागलं. पण दिवसाची बांधणी शिडाच्या काळातलीच राहिली. इंजिन असलं तरी दुपारी वाऱ्याच्या तोंडावर कोणी बाहेर जात नसे. जायचं कशाला? दुपारचा वारा घरी आणण्यासाठी असतो, अशीच समजूत. समजूत म्हणायलाही नको, त्यावर कोणी विचारच केलेला नव्हता.

दुसरी एक गोष्ट आमच्याकडे शिकवावी लागत नाही. पाण्यात माणूस दिसला की जी बोट जवळ असेल ती थांबते आणि दोर टाकते. कोण आहे, कोणाचा आहे, भांडण आहे का, ते वर घेतल्यावर बघायचं. आणि ज्याच्यासाठी दोर टाकला त्याने तो धरायचाच. पोहता येत असलं तरी, किनारा दहा हातांवर असला तरी. मी लहान असताना एकदा खाडीत खेळताना पांडूकाकांनी टाकलेला दोर मी ‘नको’ म्हणून सोडून दिला होता. पांडूकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, त्यांची बोट आमच्या शेजारीच लागायची. आयने मला घरी नेऊन पाठीत दोन धपाटे घातले. “तू आज नको बोलशील,” ती म्हणाली, “उद्या दुसऱ्यासाठी दोर टाकताना त्याचा हात थांबंल. धरंल का नाय, असा विचार करीत बसंल. त्या विचारात माणूस जातो.” एवढं नीट कारण मला पुढे कुठल्याही शिबिरात कोणी दिलं नाही.

मी अकरावीला असताना आमच्या किनाऱ्यावर सामंत सर आले. नौदलातून निवृत्त झालेले, बुटके, कायम उन्हाने सोललेलं नाक. एका जलक्रीडा केंद्राच्या वतीने त्यांनी सुरूच्या बनाजवळ एक पत्र्याचं कोठार उभं केलं आणि त्यात शिडाच्या फळ्या आणून ठेवल्या. लाटेवर चालणारी लांबट फळी, तिच्यावर उभी केलेली डोलकाठी, काठीला पारदर्शक शीड, आणि आपण फळीवर उभं राहून शिडाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरायचा. सुकाणू नाही, वल्हं नाही. शीड पुढे झुकवलं की फळी एका बाजूला वळते, मागे झुकवलं की दुसऱ्या. गावातल्या मुलामुलींना ते फुकट शिकवायचे. मुलगे आठवड्यात कंटाळले, कारण त्यात आवाज करणारं काही नव्हतं. मी राहिले. पहिल्यांदा जेव्हा वारा दांड्यातून खांद्यात आला, खांद्यातून पायात गेला आणि फळी चालायला लागली, तेव्हा मला वाटलं की एवढ्या वर्षांनी आमच्या घरातलं कोणीतरी पुन्हा शिडावर आलं. हे मी कोणाला बोलले नाही. आयला एवढंच कळलं की पोरगी रोज सकाळी कपडे भिजवून येते.

सकाळीच जायचे मी, कारण दुपारी बोटी आल्या की घरात श्वास घ्यायला फुरसत नसे. मासळी निवडायची, धुवायची, बोंबलांच्या जोड्या एकमेकांच्या तोंडात अडकवून दोऱ्यांवर टांगायच्या. मतलई वाऱ्यात पाणी गुळगुळीत असायचं, इस्त्री केल्यासारखं. वारा हलका, म्हणून सर मोठं शीड द्यायचे, आणि मी त्याच्यावर लांब लांब जायचे. एकदा ते म्हणाले, “निशा, दुपारचीही येत जा. दुपारचा समुद्र वेगळा असतो.” मी म्हटलं, “सर, दुपारी बोंबील असतात.” ते हसले, आणि तो विषय तिथेच संपला.

मग मी बारावीला असताना त्यांनी एके दिवशी सांगितलं की परीक्षा संपल्यावर, चैत्रात, केंद्राची निवडचाचणी आमच्याच किनाऱ्यावर होणार. निवड झालेल्या मुलींना केंद्राच्या वसतिगृहात ठेवणार, तिथेच शिकवणार, कॉलेजही तिथूनच. पहिलं यायची गरज नव्हती. समुद्रात टाकलेल्या दोन पिवळ्या फुग्यांना वळसा घालून कोणाच्या मदतीशिवाय परत यायचं, एवढं झालं की नाव पुढे जाणार. घरात हे सांगितलं तेव्हा दादाने आधीच माझ्यासाठी कंपनीतल्या पॅकिंगच्या कामाचं बोलून ठेवलं होतं. बारावी झाली की पहिली पाळी, त्याच्याच बसने. बाबा जाळं शिवत बसले होते. बराच वेळ सुई चालत राहिली. मग म्हणाले, “फुगे फिरून आली तर जाऊ दे तिला. नाय आली तर सोमवारपासून बस.” इतकं सरळ होतं ते. एका बाजूला वसतिगृह, दुसऱ्या बाजूला बस, आणि मध्ये दोन फुगे.

चाचणीचा एक नियम होता. केंद्राचं साहित्य वापरणाऱ्यांनी आपली फळी आणि शीड सकाळीच निवडून त्यावर आपल्या नावाची पट्टी बांधायची. नंतर बदल नाही, नाहीतर सगळ्यांची झुंबड होईल. आणि सर परीक्षकांपैकी एक, म्हणून त्यांनी त्या दिवशी कोणाला काही सांगायचं नाही. त्या सकाळी मी एकटी जाईन असं मला वाटलं होतं. पण दाराबाहेर पडले तर बाबा बोटीवर गेलेलेच नव्हते. इस्त्रीचा शर्ट घालून उभे. मागे आय, डोक्यावर टोपली नसलेली, त्यामुळे कुठलीतरी दुसरीच बाई वाटणारी. दादाने पाळी बदलून घेतलेली. होडी निवडायला अख्खं घर जातं. फळी म्हणजे काय, लहान होडीच.

कोठारात तीन फळ्या माझ्या वाट्याच्या होत्या. एक लांब, जुनी, रुंद, मधोमध पाण्यात सोडायची पाती असलेली. एक तिच्यापेक्षा आखूड, कडा गोल, शेपूट निमुळती, आणि पोटाखालून मधोमध एक हलका कणा गेलेला. तिसरी तर अगदीच चिमुकली. बाबांनी तिन्हींवर बोटाच्या पेरांनी टकटक करून आवाज ऐकला, जसा लाकडाचा ऐकतात. पहिलीचा आवाज भरीव आला.

“हीच,” बाबा म्हणाले. “वजन हाय. लाटंत हलकं काय घ्यायचं नाय, लाट उचलून फेकते. जड असलं का बसून राहातं.”

“बाबा, ही दुसरी बघा ना,” मी म्हटलं. “हिचं पोट होडीसारखं आहे.”

“पोट हाय, पण अंग कुठं हाय?” आय म्हणाली. “जितूसाठी पोरगी बघायला गेलो तवापण तू असंच बोललीस. नाकीडोळी नीट हाय म्हणून.”

“माझं लग्न कुठून आलं यात?” दादा म्हणाला.

“नाय आलं, तेच तर रडणं हाय.”

शिडं भिंतीला टेकवलेली होती, प्रत्येकावर किती चौरस मीटर कापड त्याचा आकडा. साडेचारचं, साडेपाचचं, सातचं. दादाने तीनही उचलून पाहिली आणि साडेचारचं लगेच बाजूला ठेवलं. “हे काय, रुमाल हाय.” मग सगळे बाहेर आले आणि आमच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या वारा बघतात तसा वारा बघितला. बाबांनी मूठभर कोरडी वाळू हातातून सोडली. ती जवळजवळ सरळ खाली पडली. मतलई होता, तोही मरगळलेला. समुद्र ताटात ओतल्यासारखा सपाट.

“एवढ्याशा वाऱ्याला सातच पायजे,” बाबा म्हणाले. “कमी पडलं तर तिथंच उभी राहशील.”

मीही तेच म्हणाले असते. माझे सगळे महिने सकाळचे होते, माझ्या हातांना सातचंच शीड माहीत होतं. सामंत सर कोठाराच्या दारात उभे होते. मी त्या लांब फळीला आणि सातच्या शिडाला पट्टी बांधली तेव्हा ते आकाशाकडे बघायला लागले. तोंड उघडलं, मिटलं, आणि चष्मा काढून शर्टाला पुसत आत गेले. आय म्हणाली, “सराला पण पसंत पडलेलं दिसतंय.”

दुपारी भरती पुरी झाली. चाचणी त्याच वेळी ठेवली होती, कारण पाणी उतरलं की आमच्याकडे समुद्र चिखल ओलांडून शोधायला जावं लागतं. आणि आमच्या बोटीही भरतीलाच किनाऱ्याला लागतात, म्हणून त्या परत येण्याची वेळही तीच. खारा वारा सुटला तो असा की सुरूची झाडं एका अंगाला झाली. भरती होऊन पाणी उलटायला लागलं होतं. पाणी बाहेर ओढत होतं आणि वारा आत ढकलत होता. दोघांच्या भांडणात समुद्रावर लाट उठते ती उंच नसते, पण आखूड असते आणि जवळजवळ. एकीवरून उतरायच्या आधी दुसरी तोंडावर. तुम्ही बोटीत असाल, वारा पाठीला असेल, तर हे सगळं मागून येतं आणि पुढे निघून जातं, त्याच्याकडे कोणी बघत नाही. मला त्याच्यात तोंडाने शिरायचं होतं.

ठाण्याहून आलेल्या मुलींपैकी एकीचं नाव तन्वी होतं. तिच्या बाबांनी गाडीच्या टपावर तिची स्वतःची फळी आणि स्वतःची शिडं आणली होती. केंद्राचा नियम केंद्राच्या साहित्याला होता, घरून आणलेल्याला नाही. वारा सुटताच तिने मोठं शीड गुंडाळून वाळूवर ठेवलं, लहान लावलं, आणि फळीही बदलली, निमुळत्या शेपटीची घेतली. माझ्याकडे बघून म्हणाली, “तू सातचंच घेऊन जातेयस?” तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, काळजी होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पुढे मी एका पत्रकात लिहिलं होतं, ज्याच्याकडे तीन शिडं, त्याला वारा बदलला तरी चालतो. ते पत्रक आमच्या किनाऱ्यावर येऊ घातलेल्या बंदराबद्दल होतं. लोकांना ओळ आवडली, कुठून आली ते कोणी विचारलं नाही.

पहिल्या दोनशे हातांतच कळलं. त्या लांब फळीचं रुंद नाक प्रत्येक लाटेवर आपटायचं, आणि आपटलं की तळव्यांपासून दातांपर्यंत धक्का. ती बसून राहात नव्हती. लाट खाली सरकली की पुढचं अर्धं अंग हवेत, आणि वारा खालून घुसून तिला उलटी करू बघायचा. मधल्या पातीला बाहेर ओढणारं पाणी हिसके द्यायचं. आणि सातचं शीड! सकाळी जे मला अलगद नेत होतं, ते आता दोन्ही हातांनी बैल धरल्यासारखं होतं. मी पडले. शीड पाण्यात पालथं. ते दोरीने वर ओढायचं तर त्याच्यावर पाण्याची पखाल, आणि पुरतं वर आलं की वारा एका झटक्यात मला पलीकडे फेकायचा. पुन्हा चढायचं, पुन्हा ओढायचं, पुन्हा पलीकडे. तन्वी माझ्या शेजारून गेली. तिची फळी लाटांच्या पाठीवरून खडखडत जात होती, पोटातला कणा पाणी दोन बाजूंना फाडत होता. ती पहिला फुगा फिरली, मी अजून त्याच्या अलीकडे. पण गेले असते मी. हे मी आज बढाई म्हणून लिहीत नाही. वेळेची अट फार कडक नव्हती, आणि मला एक युक्ती सापडत चालली होती: शीड पुरतं उभं करायचं नाही, अर्ध्या वाऱ्यावर ठेवायचं, कडेकडेने सरकायचं. पहिला फुगा मी फिरले. हात बधिर होते पण फिरले.

आणि तेव्हाच बोटी आल्या. बाहेरून, वाऱ्याच्या पाठीवर, एकामागून एक, रोजच्यासारख्या. मी नुकतीच पुन्हा पडले होते आणि फळीला धरून दम खात होते. सर्वात पुढे पांडूकाकांची बोट. त्यांना चाचणी आहे हे माहीत होतं, पण समुद्रात चाचणी नसते, माणूस असतो. त्यांनी इंजिन कमी केलं.

“कोन हाय? निशी हाय का?” ते बोटीच्या पुढच्या टोकावरून, नाळेवरून, ओरडले.

“काका, जा तुमी! परीक्षा हाय!”

“परीक्षा घाल खड्ड्यात, ओठ बघ निळे पडलेत. दोर धर!”

दोर आला. सरळ, उलगडत, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर पाण्यात पडला. पांडूकाकांचा दोर कधी चुकत नसे. दूर किनाऱ्यावर माणसं दिसत होती, त्यात एक इस्त्रीचा शर्ट. मदत घेतली की बाद, हा नियम सकाळी वाचून दाखवलेला. दुसरा नियम कोणी कधी वाचून दाखवला नव्हता. मागच्या बोटीही मंद झाल्या होत्या, सगळे बघत होते, पांडूकाकांचा मुलगा दोराच्या दुसऱ्या टोकाला पाय रोवून उभा. दोर लाटेबरोबर वर झाला, खाली गेला, थोडा लांब सरकला. काका ओरडले नाहीत. नुसते बघत राहिले. मी हात लांब केला आणि दोर धरला.

बोटीत मला त्यांनी त्यांच्या डब्यातला चहा पाजला. मागे बांधलेली फळी ठोके देत येत होती. किनाऱ्यावर सरांनी माझ्या पट्टीवर रेघ मारली. मी टॉवेल गुंडाळून त्यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, “तुम्हाला सकाळी माहीत होतं?”

“माहीत होतं.”

“मग?”

“मधली फळी आणि साडेचारचं शीड,” ते म्हणाले. “अशा पाण्यात निमुळती शेपूट, गोल कडा, आणि वाटतं त्याहून लहान शीड. एवढंच होतं, एका वाक्याचं.”

“मग एक वाक्य बोलायचं होतं.”

“नियम होता, निशा.”

“नियम कोणी केला?”

हा माझा पहिला भाषणाचा प्रसंग असावा. मी खूप बोलले; सकाळी निवडायला लावून दुपारी उतरवणारे, गाडीवरून शिडं आणणारे, सगळ्यांना त्यात घेतलं. आजूबाजूला लोक जमले. पुढे दहा वर्षं ज्या आवाजात मी बोलत आले तो आवाज मला त्या वाळूवर सापडला. सर ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “तुझं सगळं बरोबर आहे.” यापेक्षा थकवणारं उत्तर मला पुढे कुठल्या साहेबानेही दिलेलं नाही. आज मला कधीकधी वाटतं, त्यांना चष्मा पुसत आत जाणं किती जड गेलं असेल.

घरी आल्यावर आयने माझ्या हातांच्या सोललेल्या तळव्यांना खोबरेल लावलं. “दोर धरलास ते बरं केलंस,” एवढंच म्हणाली. दादाने बसचा विषय काढला नाही. बाबा जेवले नाहीत. भाकरीचा तुकडा हातात धरून बसले, मग तो तसाच ताटात ठेवून बाहेर जाळ्यापाशी गेले. त्यांना राग आला असेल असं मला वाटलं, कोणाचा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी बाबा पहाटे गेलेच नाहीत. दुपारी, भरती पुरी होऊन वारा सुटल्यावर, इतरांच्या बोटी घरी येत असताना, ते उठले आणि मला म्हणाले, “चल.” आळीतल्या बायका मासळी निवडता निवडता थांबल्या. एवढ्या वाऱ्याला कोणी बाहेर जात नाही. आय दारातून ओरडली, “अवो, कुठं? वारं शिरलं का काय अंगात?” बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. आम्ही बोट ढकलली, इंजिन सुरू केलं आणि समोरून येणाऱ्या बोटींमधून बाहेर निघालो. पांडूकाकांनी हात वर करून काय झालं म्हणून विचारलं. बाबांनी हाताने सांगितलं, काही नाही, जा.

फुगे अजून काढलेले नव्हते. पहिल्याच्या अलीकडे बोटीचं नाक आपटायला लागलं. धाड, धाड. प्रत्येक लाटेला पाणी उडून सरळ आमच्या तोंडावर. बाबा सुकाणूवर उभे होते. खारं पाणी त्यांच्या भुवयांवरून, मिशीवरून ओघळत होतं, पण ते पुसत नव्हते, डोळे बारीक करून समोर बघत होते. एक लाट संपायच्या आत दुसरी. त्यांनी इंजिन कमी केलं, म्हणून बोट तिथल्या तिथे नाचत राहिली.

मग म्हणाले, “उभा जन्म या वाऱ्यानं घरी आणलं. याचं तोंड आज बघितलं.”

बोलण्यासारखं सगळं मी आदल्या दिवशी वाळूवर संपवलं होतं.

“सात मीच बोललो ना,” ते म्हणाले.

“मीपण तेच घेतलं असतं.”

त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. मागे किनारा दिसत होता, सुरूची वाकलेली झाडं, बोंबलांच्या दोऱ्या, आणि त्यांच्यापुढे दोन-चार ठिपके, त्यातला एक आय असणार. बोट वळवली असती तर वारा पाठीला आला असता आणि सगळा धडधडाट एका क्षणात थांबला असता. तो थांबतो हे आम्हा दोघांना चांगलं माहीत होतं. सोमवारी मी दादाच्या बसमध्ये चढणार होते, आणि चढलेच. पुढची चार वर्षं मी खोक्यांवर पट्ट्या चिकटवल्या, आणि तिथेच शेवटी पत्रकं लिहायला शिकले. पण ते सोमवारचं झालं. बाबांनी सुकाणूवरचा हात सैल केला आणि माझ्याकडे पाहिलं.

“फिरवू?”

दुसरा फुगा पुढेच होता, लाटेआड जायचा, परत दिसायचा.

“नको,” मी म्हटलं. “तो पिवळा फिरून जाऊ.”